कवडू त्या दिवशी कुठं होता

आता जे सांगतो ते कोणी खरं मानणार नाही. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात, प्रतापनगरात, माझ्या मुलाच्या नव्या घरात मी तोंड उघडलं आणि माझ्या घरच्यांनी ते खरं धरलं.

हसा. मिलचा भोंगा बिघडला तेव्हा मी चिमणीवर चढून तो तोंडाने वाजवला आणि अर्धं नागपूर पाळीला निघालं, ही माझी गोष्ट नातवंडांनीसुद्धा कधी गिळली नाही. माझी मुलगी कौसल्या लहानपणी मला वेळ विचारायची आणि मग शेजारच्यांचं घड्याळ पाहून यायची. अशा घरातली माणसं त्या रविवारी माझ्या शब्दावर माना डोलवत होती. धोंडबाच्या शब्दावर.

लहानूला जाऊन वर्ष झालं होतं. लहानू माझ्या धाकट्या बहिणीचा, तुळसाचा, एकुलता मुलगा. पोलिसात शिपाई. गडचिरोलीच्या जंगलात नाल्यावर पाणी भरायला उतरला असताना नक्षलवाद्यांनी झाडीतून त्याला टिपलं. त्याचं पुण्यानुमोदन रविंद्रने आपल्या घरी ठेवलं होतं. रविंद्र माझा मुलगा, त्याच जंगलात फौजदार. सकाळी भंतेजी आले, वंदना झाली, भोजनदान झालं, शेजारीपाजारी जेवून गेले. पांढऱ्या चादरीवर लहानूचा वर्दीतला फोटो तेवढा राहिला आणि आम्ही घरचे राहिलो. खरी पंगत तेव्हा बसली.

पंगतीत कोण कोणाशेजारी बसलं ते पाहा, म्हणजे हवा कळेल. रविंद्र दाराकडे तोंड करून. त्याची बायको कुसुम वाढायला, पण तिचे कान ताटांपेक्षा जास्त भरत होते. कौसल्या आपल्या आत्याला चिकटून, आणि कौसल्येचा नवरा कवडू अगदी भिंतीशी, बूट काढल्या जागेपासून जवळ. कवडू तेंदूपत्त्याच्या फडावर मुनशी. उन्हाळ्यात गावची माणसं जंगलातून पानं तोडून पुडे बांधून आणतात, ते मोजून घ्यायचे आणि मोकळ्या मैदानात वाळत घालायचे, हा त्याचा धंदा. घाबरट नाही, पण जंगलात राहून माणूस कुठल्याही खोलीत आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवतो.

आणि त्या कवडूच्या खिशात समन्स होतं.

झालं होतं असं. मेमध्ये, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, पोलिसांनी विज्जा नावाच्या एका माणसाला मारलं. सरकारी सांगणं असं, की लहानूला मारणारा हाच, जंगलातून पोलिसांवर गोळ्या झाडत होता, चकमकीत पडला. रविंद्र स्वतः जीप घेऊन कोराडीला गेला होता आत्याला सांगायला. तुळसाची तिथे वीज कारखान्याच्या गेटासमोर चहाची टपरी आहे. तिने त्या दिवशी कोळशाच्या ट्रकवाल्यांना पेढे वाटले. राखेने भरलेल्या हातांवर पेढे ठेवत गेली आणि प्रत्येकाला म्हणाली, माह्या पोराचे आहे, खा. पुढे विज्जाच्या गावची माणसं मोर्चा घेऊन कचेरीवर गेली, म्हणू लागली की आमचा माणूस धरून नेऊन मारला. चौकशी लागली. आणि चौकशीवाल्या साहेबाने येत्या मंगळवारी कवडूला बोलावलं होतं, फडावर त्या दिवशी काय पाहिलं ते सांगायला.

आता प्रश्न एकच. साहेबाला कवडूचं नाव दिलं कोणी?

हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. वांग्याची भाजी वाढताना कुसुमने कौसल्येकडे पाहिलं, तो प्रश्न होता. रविंद्रने मीठ मागितलं आणि कवडूने ते सरकवायला जरा उशीर केला, तोही प्रश्न होता.

माणसांच्या डोक्यात शिरायची मला जुनी खोड आहे. तिथं कोणी तिकीट विचारत नाही. कुसुमच्या डोक्यात गेलो तर तिथं पक्कं ठरलेलं होतं: हे नणंदेचं काम. नव्या घराला, नव्या फ्रीजला, भावाच्या बढतीला दृष्ट लावणारी ही एकच. कौसल्येच्या डोक्यात गेलो तर तिथं भाऊच उभा होता, जीपच्या दाराला हात लावून. तिला वाटत होतं, रविंद्रनेच आपल्या नवऱ्याचं नाव वर कळवलं असेल, म्हणजे मंगळवारी हा काय बोलतो ते आधीच तपासून घेता येईल. रविंद्रच्या डोक्यात काय होतं ते सांगायला शिरावं लागत नाही. तो कवडूकडे असा पाहत होता जसा नाक्यावर सायकल थांबवलेल्या माणसाकडे पाहतात.

शेवटी विषयाला तोंड कौसल्येनेच फोडलं. ती म्हणाली, मंगळवारी हे खरं बोलले तर काय होईल, आणि नाही बोलले तर काय होईल, ते आज भावाने तिला समोरासमोर सांगावं.

रविंद्र म्हणाला, खरं म्हणजे काय ते आधी ठरवू.

मग तो बोलत सुटला. माझा मुलगा बोलका नाही, माझ्यावर गेलेला नाही. पण त्या दिवशी बोलला. दोन वर्षांआधी त्याने दलमच्या, म्हणजे नक्षलवाद्यांच्या टोळीच्या, एका माणसाला रीतसर पकडलं होतं, रीतसर पंचनामा केला, रीतसर कोर्टात उभं केलं. साक्षीला गावचा कोतवाल तयार झाला. माणूस जामिनावर सुटला आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी कोतवाल बाजाराच्या वाटेवर गळा कापलेला सापडला. पिशवीत हळद आणि पोराची पाटी. ती पाटी रविंद्रने घरी नेऊन दिली होती. त्यानंतर त्या पट्ट्यातल्या एकाही गावात एकाही माणसाने काही पाहिलं नाही. लहानू मेला तेव्हाही नाही.

"कायद्यानं गेलो तर माह्यावर भरवसा ठेवणारा मरते," रविंद्र म्हणाला. "बिनकायद्यानं गेलो तर तो मरते ज्याच्या हाती बंदूक आहे. तू सांग ताई, मी कोन्ता मरू देऊ?"

मी ताटातला भात उगाच एका बाजूला सारला.

उत्तर दिलं कवडूने, आणि रविंद्रकडे न पाहता, ताटाकडे पाहून. तो म्हणाला, फडावर रात्री ते जंगलातले येतात आणि सकाळी हे पोलीस. ते आल्यापासून पानांचा भाव वाढला, हे खरं. त्यांनी एका मजुराला सगळ्यांसमोर पोलिसांचा खबऱ्या म्हणून काठ्यांनी फोडला, हेही खरं. तो खबऱ्या होता की नव्हता ते आजवर कोणाला माहीत नाही. विचारायला कोणी थांबलंच नाही.

"मले त्यांचं भेव वाटते रविंद्रभाऊ," कवडू म्हणाला. "पन त्यांचं भेव वाटते तवा मी तुमच्याकडे पाहतो. तुमचंच वाटाले लागलं तं मंग कोनाकडे पाहू?"

कुसुमने पुरी वाढता वाढता सुनावलं की ज्यांना एवढी भीती वाटते त्यांनी साहेबांकडे नावं द्यायला जाऊ नये. कौसल्या ताटावरून उठली. नाव कोणी दिलं ते मला ठाऊक आहे, म्हणाली, घरातल्याच माणसाने दिलं. होय, कुसुम म्हणाली, घरातल्याच. दोघींच्या मध्ये पुऱ्यांचं ताट होतं म्हणून बरं.

तेव्हा तुळसा बोलली. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"म्या देल्लं नाव."

कोणाला कळेना ती काय म्हणते आहे. तिने पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा सांगितलं. ती बसने गडचिरोलीला गेली होती, टपरी बंद ठेवून. साहेबाच्या दारात बसून राहिली. माझा पोरगा शिपाई होता म्हणाली, तेव्हा आत घेतलं. फडावरचा मुनशी माझा भाचजावई आहे, त्याने त्या विज्जाला पाहिलं आहे, त्याला बोलवा.

कौसल्येचा चेहरा पडला तो पाहवला नाही. कारण कवडूने काय पाहिलं ते बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. कौसल्येने ते एकाच माणसाला सांगितलं होतं, आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून, रडत. सकाळपासून ज्या बाईला ती चिकटून बसली होती, तिच्यापासून ती सरकली. सरकली ती थेट भावाच्या बाजूला. असं एका क्षणात माणूस खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. मी उडता गालिचा सांगितला की लोक हसतात, हे रोज पाहतात.

"काय पाहिलं त्यानं?" रविंद्रने विचारलं. फौजदाराने विचारावं तसं नाही. हळू.

कवडूने दाराकडे पाहिलं. तुळसा म्हणाली, "सांग बाबू. त्यालेच सांग. तो होता ना तिथं."

मग कवडूने सांगितलं. दुपारी जीप फडाशी थांबली. मागच्या बाजूला एक माणूस बसवलेला, हात मागे दोरीने बांधलेले, एक डोळा सुजून मिटलेला. फडावर पुडे वाळत घातलेले होते आणि वाळत्या पुड्यांवर कोणी पाय देत नाही, म्हणून सगळे मजूर रांगांच्या मधल्या वाटांवर जसे होते तसे थांबून पाहत राहिले. त्या माणसाने पाणी मागितलं.

"त्याचे हात बांधले होते," कवडू म्हणाला. "तं तुम्ही जीपातून उतरले, भाऊ. तुमच्या बाटलीतलं पानी तुम्ही त्याले पाजलं. हनुवटी धरून पाजलं. खाली सांडलं ते रुमालानं पुसलं. मी तवाच म्हनलं, माहा साळा माणूस आहे."

याहून वाईट साक्ष कोणी दिली नसती. शिवी दिली असती, लाथ मारली असती तर रविंद्र नाही म्हणाला असता. पाणी पाजल्याला तो नाही म्हणू शकला नाही. त्याच संध्याकाळी ते हात बांधलेलं माणूस जंगलातून गोळ्या झाडत होतं, असं कागदावर रविंद्रच्याच सहीने लिहिलेलं होतं.

रविंद्र म्हणाला, गोळी आपण चालवली नाही. वरचे साहेब होते. आपल्याला गाडीपाशी थांबवून ठेवलं होतं. हे सांगताना तो आत्याकडे पाहत होता, फोटोकडे पाहत नव्हता.

आता मला वाटलं तुळसा रडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल. ती माझी बहीण आहे, मला तिच्या डोक्यात कधी शिरता आलं नाही. ती पुढे सरकली आणि वकिलासारखं विचारू लागली.

"त्याले इच्चारलं कोनी, लहानूले कोनं मारलं म्हनून?"

"विचारलं," रविंद्र म्हणाला.

"मंग काय म्हनला?"

रविंद्रने ताट पुढे सरकवलं.

"तो हो म्हनला का?"

बाहेर कोणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"आत्या," रविंद्र म्हणाला, "तो त्यांच्यातला होता. नसता तर पळाला काहून असता आम्हाले पाहून?"

"तुले पाहून तं कवडूही पळते," तुळसा म्हणाली. "म्या तुले दयामाया नाही मागून राहिली. ज्यानं माह्या लहानूले मारलं तो मेला असन तं मले आनंद आहे, बुद्धानं मले माफ नाही केलं तरी चालन. पन तोच होता का? तू मले एक मुडदा आनून देल्ला आन् म्हनला, घे, हा तुह्या पोराचा. म्या पेढे वाटले. आता मले रात्री वाटते, तो दुसऱ्याच कोन्या बाईचा पोरगा असन आन् माह्या लहानूले मारनारा अजून त्या नाल्यावर पानी पिऊन राहिला असन. त्याले कोनी शोधत बी नाही. तुम्ही तं शोधनं बंद केलं ना."

मला वाटतं, हे त्या घरात पहिल्यांदा कोणाच्या तरी मनात आलं. कोतवालाच्या पिशवीत पाटी होती तेव्हापासून रविंद्रने आपल्या मनाशी एक गणित मांडलं होतं आणि त्यात तो बरोबर होता, मी बाप म्हणून सांगतो, बरेच दिवस बरोबर होता. त्या गणितात हा माणूस बसत नव्हता, जो आपल्याच बाजूचा आहे आणि तरी विचारतो, तोच होता का. त्याने कपाळाला हात लावला. मग तो फौजदार झाला पुन्हा.

नोकरी जाईल, तो म्हणाला, ते सोडा. आत जाईन. कुसुमचा हात पदराकडे गेला. आणि कवडू साक्ष देऊन फडावर परत गेला तर त्याला माझेच लोक सोडणार नाहीत, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो. आणि मी आत असेन, म्हणजे त्याला वाचवायलाही कोणी नसेल. कौसल्येने तोंडावर हात ठेवला. तिच्या मनातली भीती खरी निघाली होती, पण भावानेच ती बोलून दाखवली म्हणून तिला तो एकदम आपला वाटला.

उपाय एकच, रविंद्र म्हणाला. कवडू त्या दिवशी फडावर नव्हता. कुठेतरी दुसरीकडे होता. फडावरचे बाकीचे मजूर काही बोलणार नाहीत, त्यांना जंगलातच राहायचं आहे. फक्त कवडू दुसरीकडे होता असं सांगणारं एक म्हातारं, बिनसरकारी, विश्वासाचं माणूस पाहिजे.

विश्वासाचं हा शब्द ऐकून सगळे माझ्याकडे वळले.

आता तुम्ही माझ्या जागी असता तर? समोर मुलगा, त्याच्या मागे जेल. समोर जावई, त्याच्या मागे जंगल. मुलगी पहिल्यांदा आयुष्यात माझ्याकडे असं पाहते आहे की घड्याळ बघायला शेजारी जाणार नाही. मी घसा साफ केला.

मी म्हणालो, कवडू त्या दिवशी माझ्याकडे होता. तो काय फडावर असणार, तो तर आदल्या दिवशीच्या गाडीने नागपुरात आला होता, सणाला. कुसुमने हुं म्हटलं. मी म्हणालो, येताना त्याने मोहाची फुलं आणली होती, ओली. मे महिन्यात ओली कुठली, असं रविंद्रने मध्ये विचारलं, तेव्हा मी ती वाळलेली केली. सकाळी आम्ही दोघं पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर गेलो. गर्दीत त्याची एक चप्पल हरवली. ही चप्पल मला फार आवडली, कारण साहेबाला चप्पल खरी वाटते. कौसल्या म्हणाली, हो बाबा, त्याची चप्पल हरवलीच आहे, नवी घ्यायची आहे. पाहा, गोष्ट अशी आपली माणसं गोळा करत जाते. कवडूनेही पायांकडे पाहिलं, जणू त्याला आठवलं.

रविंद्र पुढे झुकला होता. म्हणाला, आणि दुपारी, बाबा? जीप दुपारची आहे. दुपार पक्की पाहिजे.

दुपार मी अशी पक्की केली की काय सांगू. खीर झाली, म्हणालो, सगळे लवंडले, पण कवडूला झोप येईना. तेव्हा मी त्याला अंबाझरीच्या तलावातल्या मगरीची गोष्ट सांगायला घेतली, जिने माझा जेवणाचा डबा गिळला आणि सात वर्षांनी झाकणासकट परत आणून दिला. ती गोष्ट अशीतशी नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली तर दिवे लागतात. कवडूने मध्ये तीनदा चहा मागितला. एकदा हसता हसता त्याला उचकी लागली, ती जाईना, तेव्हा मी त्याला पाठीत धपाटा घातला. शेजारच्या रंभाबाईने भिंतीपलीकडून विचारलं, धोंडबा, आज काय एवढं बोलून राहिले गा. म्हणजे तीही साक्षीला आहे. सूर्य मावळेस्तोवर मी बोलतो आहे आणि माझा जावई माझ्यासमोर बसून ऐकतो आहे. त्याच वेळी तो फडावर कसा असेल?

कुसुमने सुटकेचा श्वास टाकला. कौसल्येने डोळे पुसले. रविंद्रने दोनदा मान हलवली, आणि माझ्या मुलाने माझ्या गोष्टीवर मान हलवलेली मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकदोन ठिकाणी कमी करा बाबा, तो म्हणाला, मगर नको, पण बाकी बसते. मी मगरीसाठी वाद घालायच्या तयारीत होतो.

तुळसा फोटोपाशी गेली होती. मेणबत्तीचं सांडलेलं मेण नखाने चादरीवरून काढत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"पौर्निमेले तू बोलत नाही, भाऊ," ती म्हणाली. "छप्पन साली दीक्षाभूमीवर पाच शीलं घेतली, आन् घरी येऊन तूच म्हनला, तुळसे, बाकीचे चार निभतीन, पन खोटं नाही बोलाचं हे मले जमनार नाही, तोंड उघडलं का निंगतेच. म्हनून महिन्यातून एक दिवस तरी तोंडच नाही उघडाचं. तवापासून हरेक पौर्निमेले तू सकाळपासून चांद निंगेपर्यंत मुका राहतो. वहिनी मेली त्या पौर्निमेलेही तू बोलला नाही, नुसता रडला. आख्खी वस्ती जानते. रंभाबाई तं जानतेच." तिने मेणाचा गोळा मुठीत धरला. "खोटं बोलून राहिला तू. कवडू फडावर होता. मंगळवारी म्या त्याच्यासंग गाडीत बसन."